शयनशाळेंतील पडदी

धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त गेल्या वर्षभरांत आम्हीं घरोघर जाऊन आशीर्वाद देण्याचें काम केलें, त्या वेळीं एक गोष्ट वारंवार नजरेस आली. जुन्या घरांतील माजघर आतां पूर्वीचें माजघर राहिलेलें नाहीं. कोठें त्याच्या मधोमध फळ्यांची पडदी उभी राहिली आहे. कोठें पडवी कोंडून तिची निजण्याची खोली झाली आहे. कोठें माळ्यावरचीं जुनीं पिंपें खालीं आणून कौलांत एक कांच बसविली आहे, आणि त्या कांचेखालीं दहावीच्या परीक्षेस बसणाऱ्या मुलीचें टेबल मांडलें आहे. घर तेवढेंच, जमीन तेवढीच; परंतु एका दालनांत ओळीनें सतरंज्या पसरून निजण्याचे दिवस गेले.

ह्या पडदीवरून कित्येक घरांत वाद आहे. वडील माणसें म्हणतात, घरांत भिंत पडली कीं मनांतही पडते. मुलें म्हणतात, रात्रीं दिवा लावला कीं आजोबांची झोंप मोडते, मग अभ्यास करावा केव्हां? एका घरीं तर दोन्ही पक्षांनीं आम्हांसच पंच नेमलें. आम्हांस हंसूं आलें, कारण नेमका हाच वाद ख्रिस्तसभेच्या मठांतून सुमारें आठ शतकें चालला होता, आणि त्यांत संतांनीं, मठाधिपतींनीं व प्रत्यक्ष पोपांनीं बाजू घेतल्या होत्या. निजण्याची खोली आणि अभ्यासाची खोली ह्या दोन गोष्टी आज आपण गृहीत धरतों. परंतु मठाच्या लांबलचक दालनांत त्या कशा निर्माण झाल्या, त्यांस कोणी विरोध केला व तो कां केला, हा इतिहास मनोरंजक आहे. तोच आज येथें सांगावयाचा आहे.

सहाव्या शतकांत संत बेनेदिक्तानें आपल्या मठवासीयांसाठीं जो नियम लिहिला, त्याच्या बाविसाव्या प्रकरणांत निजण्याची व्यवस्था सांगितली आहे. प्रत्येकास स्वतंत्र बिछाना असावा. परंतु शक्य असेल तर सर्वांनीं एकाच जागीं निजावें. संख्या मोठी असल्यास दहा-दहा किंवा वीस-वीस जणांचे गट करावे व त्यांवर वडील माणसांची देखरेख असावी. दालनांत सकाळपर्यंत एक दिवा जळत ठेवावा. अंगावरचे कपडे न काढतां, कंबरेचा पट्टा अगर दोरी न सोडतां निजावें, म्हणजे इशारा होतांच उठून प्रार्थनेस जातां येईल. मात्र पट्ट्यास अडकविलेली सुरी काढून ठेवावी, न जाणो, झोंपेंत ती लागावयाची. तरुणांचे बिछाने एकमेकांशेजारीं नसावेत, वडिलांच्या बिछान्यांत मिसळलेले असावेत. पुढें पंचावन्नाव्या प्रकरणांत मठाधिपतीनें वारंवार बिछाने तपासावे असें सांगितलें आहे. कोणी खाजगी वस्तु दडवून ठेविली आहे काय, हें पाहण्यासाठीं.

म्हणजे एकत्र निजण्याची ही व्यवस्था केवळ जागेच्या टंचाईची नव्हती. 'माझें' हा शब्द मठांत उरूं नये, कोणी एकटा पडूं नये आणि मध्यरात्रीच्या प्रार्थनेस कोणी मागें राहूं नये, हे तिचे हेतु होते. आमच्या वडील मंडळींचें म्हणणें ह्याहून फारसें वेगळें नाहीं, असें दिसून येईल.

परंतु त्याच नियमांत अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणीं एक लहानसें वाक्य आहे. दुपारच्या जेवणानंतर बंधूंनीं आपापल्या बिछान्यावर मुकाट्यानें विसांवा घ्यावा; आणि कोणास वाचावयाची इच्छा असेल तर त्यानें दुसऱ्यास त्रास होणार नाहीं अशा बेतानें वाचावें. त्या काळीं वाचणें म्हणजे बहुधा ओंठ हलवीत, पुटपुटत वाचणें असे. शेजारच्या बिछान्यावरचा बंधु पहांटेपूर्वीपासून उठलेला. त्याचे डोळे मिटूं लागावेत आणि ह्यानें स्तोत्रसंहिता पुटपुटूं लागावें! त्या प्रकरणांतच बेनेदिक्तानें असेंही ठरविलें आहे कीं, उपवासकाळाच्या आरंभीं प्रत्येकास ग्रंथालयांतून एक पुस्तक द्यावें व तें त्यानें पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावें. वाचन हें कर्तव्य केलें, आणि वाचणाऱ्याची व निजणाऱ्याची जागा एकच ठेविली. आमच्या मतें पुढच्या साऱ्या भानगडीचें मूळ येथें आहे.

ह्या व्यवस्थेचें चित्र पाहावयाचें असल्यास स्वित्झर्लंडमधील सेंट गाल येथील ग्रंथालयांत असलेला एक नकाशा पाहावा. सुमारें ८२० ते ८३० ह्या काळांत राइखेनाऊ येथील मठांत तो काढला गेला. चामड्याचे पांच तुकडे एकत्र शिवून त्यांवर एका आदर्श मठाची आखणी केली आहे. नकाशाबरहुकूम मठ कोणी बांधला नाहीं; पण त्यावरून त्या काळच्या माणसांच्या डोक्यांत काय होतें हें कळतें. मठवासीयांची शयनशाळा वरच्या मजल्यावर आहे व तिच्या खालीं शेकोटीचें दालन आहे, म्हणजे खालची ऊब वर चढावी. शयनशाळेंत सत्याहत्तर बिछाने मोजून दाखविले आहेत. ख्रिस्तमंदिराला लागून लेखनशाळा आहे. तिच्यांत खिडक्यांपाशीं सात मेजें आहेत आणि वर ग्रंथालय आहे. सत्याहत्तर बिछाने आणि सात मेजें! त्या काळाच्या गरजेचें प्रमाण ह्या दोन आंकड्यांत आहे. निजावयास सर्वांस लागे, लिहावयास थोड्यांस. आणि ह्या दोन क्रियांच्या जागा ख्रिस्तमंदिराच्या निराळ्या बाजूंस होत्या.

पुढें युरोपभर जे दगडी मठ उठले त्यांत बहुधा हाच क्रम राहिला. मधें चौक, चौकाभोंवतीं ओंवऱ्या, पूर्वेच्या बाजूस वरच्या मजल्यावर शयनशाळा, आणि तिच्या टोकापासून थेट ख्रिस्तमंदिरांत उतरणारा एक जिना, मध्यरात्रीं झोंपेंतून उठून प्रार्थनेस जाण्यासाठीं. इंग्लंडांत हेक्सम येथें असा एक जिना अद्यापि आहे. त्याच्या पायऱ्या पावलांनीं झिजून मध्यभागीं खोलगट झाल्या आहेत. वाचणारे दिवसा ओंवरीत बसत. आमच्या हवेंत ओंवरीत बसून वाचणें हें सुख आहे. उत्तरेकडच्या देशांत तेराव्या शतकापर्यंत बहुतेक ओंवऱ्यांस कांच नव्हती, आणि वारा, पाऊस व हिम ह्यांस तेथें मोकळी वाट होती. डिसेंबरांत तेथें बसून लिहिणाऱ्याची काय अवस्था होत असेल, ह्याची कल्पना वाचकांनींच करावी.

हा गोंधळ प्रथम कोणीं सोडविला म्हणाल, तर दोमिनिकन व्रतस्थांनीं. संत दोमिनिकाचा संघ उपदेश करण्यासाठीं निघाला. आणि उपदेश करावयाचा तर अभ्यास केला पाहिजे, हें त्याचें सूत्र होतें. १२१६ सालीं तुलूझ शहरांत संत रोमानुस ह्याचें ख्रिस्तमंदिर त्यांस मिळालें. दोमिनिकामागून संघाचा प्रमुख झालेला सॅक्सनीचा जॉर्डन आपल्या छोट्या इतिहासांत सांगतो कीं, तेथें लागलीच एक मठ बांधण्यांत आला व त्याच्या वरच्या मजल्यावर अभ्यास करण्यास व निजण्यास पुरेशा सोयीच्या लहान खोल्या होत्या. अभ्यास आणि निद्रा हे दोन शब्द तेथें एकाच खोलीच्या वर्णनांत शेजारीं आले आहेत, आणि अभ्यास आधीं आला आहे. लॅटिनमध्यें ह्या लहान खोलीस 'सेला' म्हणतात. इंग्रजींतून आपल्याकडे आलेल्या 'सेल' ह्या शब्दास तुरुंगाची दुर्गंधि चिकटलेली असल्यामुळें आम्ही येथें तिला कुटी म्हणूं.

१२२० आणि त्यानंतरच्या वर्षांतील सभांतून ह्या संघाची जी नियमावली सिद्ध झाली तिच्यांत घरबांधणीचेंही माप दिलें आहे. घरें साधीं व नम्र असावीं. माडी नसल्यास भिंतीची उंची बारा फुटांहून आणि माडी असल्यास वीस फुटांहून अधिक नसावी. ख्रिस्तमंदिराची भिंत तीस फुटांहून उंच नसावी. आणि कुट्यांविषयीं जें कलम आहे तें आम्हांस विशेष विचार करण्यासारखें वाटतें. कुटी सर्व विद्यार्थ्यांस द्यावयाची नाहीं. ज्यांस ती उपयोगी पडेल असें गुरूंस वाटेल त्यांसच द्यावयाची. कुटींत वाचावें, लिहावें, प्रार्थना करावी, निजावें. आणि ज्याची इच्छा असेल त्यानें अभ्यासासाठीं रात्रीं दिवा लावून जागावें. परंतु एखाद्याचा अभ्यास निष्फळ आहे असें आढळून आल्यास त्याची कुटी दुसऱ्यास द्यावी व त्यास अन्य कामावर नेमावें.

बेनेदिक्ताच्या नियमांतला एक दिवा सर्वांसाठीं होता; येथें प्रत्येकास आपला दिवा मिळाला, आणि त्या दिव्यासाठीं पडदी घालणें प्राप्त झालें. ही पडदी 'मला एकांत हवा' म्हणून आलेली नव्हती. शेजाऱ्यानें निजावें व मीं वाचावें, दोघांचेंही भागावें, म्हणून ती आली. आणि ज्या कामासाठीं ती घातली तें काम होत नसेल तर खोली काढून घेतली जाई. खोली हक्काची नव्हती, कामाची होती. हें कलम आपल्या घरांत लागूं करावयाचें ठरल्यास कित्येक चिरंजीवांस पुन्हां माजघरांत येऊन निजावें लागेल, हें आम्ही जाणून आहों.

परंतु खुद्द दोमिनिकास कुट्यांची ही वाढ सुखाची झाली, असें म्हणतां येत नाहीं. त्यास संत म्हणून जाहीर करण्यापूर्वीं १२३३ सालीं बोलोन्या येथें ज्या साक्षी झाल्या, त्यांत एक हकीकत आहे. बोलोन्याच्या मठांतील कुट्या अरुंद व ठेंगण्या होत्या. दोमिनिक बाहेरगांवीं असतांना मठाची व्यवस्था पाहणाऱ्या रोदोल्फो नांवाच्या बंधूनें त्यांपैकीं कांहींची उंची हातभर वाढविण्याचें काम काढलें. दोमिनिक परत आला, त्यानें तें पाहिलें, आणि तो रडूं लागला. इतक्या लवकर गरिबी टाकून तुम्हांस महाल बांधावयाचे आहेत काय, अशा अर्थाचें तो बोलला, आणि काम थांबविण्यास त्यानें सांगितलें. तो जिवंत असेपर्यंत तें तसेंच अपुरें राहिलें. १२२१ सालच्या ६ ऑगस्ट रोजीं त्याच मठांत त्याचा अंत झाला, तेव्हां निजविण्यास त्याची स्वतःची कुटी नव्हती. मोनेता नांवाच्या बंधूच्या बिछान्यावर, त्याच्याच झग्यांत, त्यानें प्राण सोडला. ह्या हकीकतींत रोदोल्फोकडे आमचें मन थोडें ओढतें, हें कबूल केलें पाहिजे. ज्यास घर चालवावयाचें असतें त्यास छप्पर डोक्यास लागतें हें दिसतें. आणि संतास त्याच्या पलीकडचें कांहीं दिसतें. दोघेही आपापल्या जागीं खरे होते.

हे दोमिनिकन व्रतस्थ पुढें आमच्या ह्या किनाऱ्यावरही आले. वसईच्या कोटांत त्यांच्या ख्रिस्तमंदिराचे व मठाचे अवशेष आजही पाहावयास मिळतात. १७३९ सालीं कोट मराठ्यांकडे गेला आणि तेथील व्रतस्थांचें जीवन संपलें. त्या भिंतींजवळून जातांना तुलूझची ती माडी आम्हांस आठवते.

कार्थुसियन व्रतस्थांचा मार्ग अगदींच निराळा. १०८४ सालीं संत ब्रूनोनें आल्प्सच्या डोंगरांत जी परंपरा सुरू केली तिच्यांत प्रत्येक व्रतस्थास खोली नव्हे तर जवळजवळ एक छोटें घरच मिळतें: निजण्याची, प्रार्थनेची व अभ्यासाची जागा, हातकामाची जागा आणि कुंपण घातलेली बाग, अन्न भिंतींतल्या एका खिडकींतून आंत येतें. ही सोय थोड्यांसाठींच होऊं शकते. ज्यास पुष्कळ जमीन आहे त्याचा प्रश्न सुटतोच; आम्हांस येथें तेवढ्याच भिंतींत ज्यांस भागवावयाचें होतें त्यांचें पाहावयाचें आहे.

बेनेदिक्तीय व सिस्तर्सियन मठांतून ही पडदी चोरपावलांनीं शिरली. आधीं दोन बिछान्यांमध्यें पडदा, मग फळ्या, मग दार, आणि दार आलें कीं कुलूप; असा हा प्रवास असतो. मठाधिपति एका पिढीला डोळेझांक करतात, आणि दुसऱ्या पिढीस तो रिवाज होतो. शेवटीं पोप बारावे बेनेदिक्त ह्यांनीं हा प्रश्न हातीं घेतला. हे स्वतः सिस्तर्सियन संघांतले व पूर्वीं फाँफ्रॉआद येथील मठाचे मठाधिपति होते. १३३५ सालच्या १२ जुलैस त्यांनीं आपल्या संघासाठीं एक मोठी आज्ञा काढली व तींत शयनशाळेंत कुट्या करण्यास मनाई केली. ज्या झाल्या असतील त्या मोडून टाकण्यास सांगितलें. पुन्हां अखंड दालन, पुन्हां ओळीनें बिछाने.

येथें वाचकांस वाटेल कीं हे पोप विद्येचे वैरी असावेत. तसें मुळींच नाहीं. त्याच आज्ञापत्रांत मोठ्या मठांनीं आपले विद्यार्थी पॅरिस व इतर विद्यापीठांस पाठवावे असें त्यांनीं ठरवून दिलें. आणि पुढच्याच वर्षीं, १३३६ सालीं, बेनेदिक्तीयांसाठीं काढलेल्या आज्ञेंत वीस मठवासीयांमागें एकास उच्च शिक्षणास पाठविण्याचा दंडक घातला. मग कुट्यांवर एवढा रोष कां? कारण त्यांच्या नजरेस आलेली पडदी दिव्यासाठीं नव्हती. ती पेटीसाठीं, पैशासाठीं, खाजगी जेवणासाठीं होती. ज्या भिंतीआड पुस्तक उघडलें जातें आणि ज्या भिंतीआड पेटी उघडली जाते, त्या दोन्ही भिंती बाहेरून सारख्याच दिसतात; पोपांनीं दोन्ही पाडावयास सांगितल्या. त्यांचा हा निवाडा आम्हांस घाईचा वाटतो. वीस माणसांतून एक विद्वान् घडवून आणावयाचा, आणि तो परत आल्यावर त्यास एकोणीस जणांच्या घोरण्यांत पुस्तक घेऊन बसवावयाचा, हें कसें जमावें?

आणि आणखी एक गोष्ट, जी आम्ही आदर राखूनच सांगतों. ज्या १३३५ सालीं ही आज्ञा निघाली त्याच सालीं ह्याच पोपांनीं आविन्यों येथें आपल्या नव्या राजवाड्याच्या मनोऱ्याचें बांधकाम सुरू केलें. त्या मनोऱ्यांत त्यांची निजण्याची खोली आहे. आणि तिला लागूनच, शेजारच्या लहान मनोऱ्यांत, त्यांची अभ्यासिका आहे. ती अजून पाहावयास मिळते. तिची रंगीत फरशी फार सुंदर आहे. ख्रिस्तसभेचा सारा पत्रव्यवहार ज्याच्या डोक्यावर आहे त्यास अभ्यासिका हवीच, ह्यांत वाद नाहीं. एवढेंच कीं, गरज ओळखावयाची तर ती प्रथम स्वतःची ओळखली जाते.

आज्ञा टिकली नाहीं. हळूहळू सगळीकडे कुट्या परत आल्या, आणि एका शतकानें त्यांचें सर्वांत सुंदर रूप फ्लोरेन्स शहरांत प्रगट झालें. तेथील संत मार्कचा जुना मठ पोप चौथे युजीन ह्यांनीं १४३६ सालीं फिएसोले येथील दोमिनिकनांस दिला. इमारत मोडकळीस आलेली होती. कोसिमो दे मेदिची ह्या श्रीमंत पेढीवाल्यानें पैसा दिला, मिकेलोत्सो नांवाच्या स्थपतीनें दुरुस्ती व नवी रचना केली, आणि त्याच मठांतील फ्रा आंजेलिको ह्यानें आपल्या सोबत्यांसह भिंती रंगविल्या. वरच्या मजल्यावर मधून वाट आणि तिच्या कडेनें कुट्या. मौज अशी कीं, वर पाहिलें तर मोठें लांकडी छप्पर सबंध एकच दिसतें. त्याच्या छत्राखालीं कुट्या पेट्यांसारख्या मांडल्या आहेत. शयनशाळा नाहींशी झाली नाहीं. तिच्या पोटांत खोल्या झाल्या. प्रत्येक कुटीस एक लहान खिडकी आणि एक चित्र, एवढाच शृंगार. त्याच मजल्यावर खांबांच्या दोन ओळींनीं तीन भाग पाडलेलें लांब ग्रंथालय आहे. निकोलो निकोली ह्या विद्वानाच्या मृत्यूनंतर त्याचीं पुस्तकें तेथें आलीं व तीं वाचकांस खुलीं झालीं. म्हणजे मोठें पुस्तक सर्वांच्या दालनांत वाचावें, आणि लहान पुस्तक घेऊन आपल्या खिडकीपाशीं यावें. कोसिमोसाठींही एक जागा होती: प्रार्थनेस येऊन राहण्यासाठीं, वर-खालीं अशी दुहेरी कुटी. देणगीदारास एक खोली अधिक मिळण्याची चाल तेव्हांपासूनची दिसते. महोत्सवसमितीनें ह्यावरून कांहीं मनाशीं ठरवूं नये.

ह्या ठिकाणीं आमचा एक फजितीचा प्रसंग सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या पाद्रीघराच्या माडीवर एक लांबट दालन होतें. कांहीं वर्षांपूर्वीं तेथें दोन निजण्याच्या खोल्या व मधें गांवच्या मुलांसाठीं अभ्यासाची एक खोली करावी, असें आम्हीं ठरविलें. सुतारानें विचारलें, पडदी किती उंच? आम्हीं मोठ्या रुबाबानें सांगितलें, तक्तपोशीपर्यंत. पडदी झाली. मग ध्यानांत आलें कीं, दालनाच्या खिडक्या दोन्ही टोकांस आहेत. टोकांच्या खोल्यांत उजेड, आणि ज्यांच्यासाठीं सारा खटाटोप त्या मुलांच्या मधल्या खोलींत भर दुपारीं अंधार. वारा तर नाहींच. महिन्याभरांत दोन्ही पडद्या वरून दीड-दोन हात कापाव्या लागल्या. आणि अखेरीस मुलें खिडकीकडे व आम्ही मध्यें, अशी अदलाबदल झाली. सुताराचा कांहीं दोष नव्हता. आम्हीं माणसें मोजलीं होतीं, खिडक्या मोजल्या नव्हत्या.

हें ज्ञान आम्हांस आधीं असतें तर डरहॅमचें उदाहरण डोळ्यांपुढें ठेविलें असतें. इंग्लंडच्या उत्तरेस डरहॅम येथें बेनेदिक्तीय मठाची शयनशाळा १३९८ ते १४०४ ह्या वर्षांत नव्यानें बांधली गेली. ३१ डिसेंबर १५३९ रोजीं मठ राजा आठव्या हेन्रीच्या स्वाधीन करण्यांत आला. पुढें १५९३ सालीं कोणा अनामिक माणसानें त्या मठांतील जुन्या रीतींचें एक वर्णन लिहून ठेविलें. सारें काय होतें तें विसरलें जाऊं नये, ह्या तळमळीनें तो एकेक खोली, एकेक कपाट, एकेक दिवा लिहितो. त्याच्या लिहिण्यावरून शयनशाळेची रचना डोळ्यांपुढें उभी राहते.

दालनाच्या मधून फरसबंद वाट. दोन्ही बाजूंस लांकडी फळ्यांच्या लहान लहान खोल्या, एकेका मठवासीयास एकेक. प्रत्येक खोलीच्या वांट्यास नेमकी एक खिडकी, कारण दोन खिडक्यांमध्यें पडदी घातलेली. आणि प्रत्येक खिडकींत पुस्तक ठेवावयास एक मेज. बिछाना आणि अभ्यास ह्यांची ह्यापेक्षां आटोपशीर जुळणी आमच्या पाहण्यांत नाहीं. भिंत कोठें पडावयाची हें सुतारानें ठरविलेलें नाहीं, मठाधिपतीनेंही नाहीं. तें खिडक्यांनीं ठरविलें. दालनाच्या दोन्ही टोकांस चौकोनी दगड होते व प्रत्येकांत बारा-बारा खळगे करून दिवे लावलेले असत; मध्यरात्रीं प्रार्थनेस उठणाऱ्यांस त्यांचा उजेड पडे, आणि त्यांत तेलतूप घालण्याचें काम मुदपाकखान्याकडे असे. उपमठाधिपति रात्रीं प्रत्येक दाराशीं जाऊन नांव घेऊन हांक मारी. आंत माणूस आहे कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं. बेनेदिक्ताचा दिवा व बेनेदिक्ताची देखरेख ह्या दोन्ही गोष्टी त्यांनीं सोडल्या नव्हत्या. मधें पडदी मात्र घातली होती.

दिवसाच्या अभ्यासाचीही त्यांनीं अशीच सोय केली होती. ख्रिस्तमंदिराच्या दारापासून शयनशाळेच्या दारापर्यंतची उत्तरेची ओंवरी कांचेनें बंद केलेली होती आणि तिच्या प्रत्येक खिडकींत तीन-तीन वाचनकोनाडे बसविलेले होते. कोनाड्यास फळ्यांच्या बाजू, पुढें नक्षीचें जाळीदार दार, आंत पुस्तकाचें मेज. जेवणानंतर म्हातारे मठवासी तेथें येऊन सायंप्रार्थनेपर्यंत वाचीत बसत. समोर भिंतीशीं पुस्तकांचीं कपाटें. ग्लॉस्टर येथें असे वीस कोनाडे दगडांत कोरलेले आहेत व ते आजही शाबूत आहेत. एका ओंवरीची जागा, पण वीस माणसांच्या अभ्यासिका. आणि चालणाऱ्यांची वाट तशीच मोकळी.

ह्या सुंदर व्यवस्थेंत एक न्यून त्या अनामिक लेखकानें न लपवितां नोंदविलें आहे. शयनशाळेच्या दक्षिण टोकास नवशिक्यांच्या खोल्या होत्या, दोन्ही बाजूंस आठ-आठ. प्रत्येकास स्वतंत्र खोली होती खरी. पण ती वडिलांच्या खोल्यांइतकी बंदिस्त नव्हती, तितकी उबदार नव्हती, आणि समोरच्या बाजूनें जो येईल तेवढाच उजेड तींत येई. खिडक्या वडिलांकडे होत्या. ज्यांस अजून सर्व शिकावयाचें होतें त्यांच्या वांट्यास अंधार आला. आमच्या माडीवर आम्हीं केलें होतें तें ह्याहून निराळें नव्हतें. आणि गेल्या वर्षभरांत पाहिलेल्या घरांपैकीं पुष्कळ ठिकाणीं दूरचित्रवाणीचा संच खिडकीपाशीं आणि मुलाचें टेबल जिन्याखालीं, अशीच मांडणी आढळली. जेथें विचारलें गेलें तेथें आम्हीं टेबल हलवावयास सांगितलें. पडदी घालावी कीं नाहीं, ह्या मूळ वादांत आमच्या पंचाईचा निकाल एवढाच होता: पडदी छपरास भिडवूं नये, दारास कुलूप नसावें, आणि जो रात्रीं दिवा लावणार असेल त्यासच ती खोली द्यावी. आजोबांनीं तो मान्य केला. नातीनें कुलपाविषयीं थोडी कुरकुर केली.

डरहॅमच्या शयनशाळेंतल्या त्या फळ्या मठ मोडल्यावर केव्हांच नाहींशा झाल्या. दालनाचा कांहीं भाग बराच काळ राहण्याच्या घरांत गेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तें पुन्हां मोकळें करून ग्रंथालयाकडे देण्यांत आलें. ओकच्या जाड तुळयांचें तें छप्पर आजही तेथें आहे. त्याखालीं आतां कोणी निजत नाहीं. जेथें बिछाने होते तेथें पुस्तकांचीं कपाटें उभीं आहेत.